हारा अजून स्टेशनवर पोचले नव्हते

ज्या माणसाला आप्पा अकरा वर्षं मरू देत नव्हते, त्याचं श्राद्ध मात्र ते दर नोव्हेंबरात न चुकता जेवत होते.

श्राद्ध हे आपलं घरच्या बोलीत. भटजी नाही, दर्भ नाही, पिंड नाहीत. चार नोव्हेंबरच्या जवळचा रविवार धरायचा, सिंगापुरात वुडलँड्सच्या अकराव्या मजल्यावरच्या, आप्पांच्या सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये सगळ्या रिसबुडांनी जमायचं आणि आप्पांच्या बायकोने, शैलाने, केलेले भरड्याचे वडे, तांदळाची खीर, गवार-भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी असं साग्रसंगीत पितरांचं जेवण जपानचे माजी पंतप्रधान हारा ताकाशी यांच्या नावाने हाणायचं. १९२१ साली याच तारखेला, संध्याकाळी, टोकियो स्टेशनच्या फाटकापाशी एका पोराने त्यांना सुऱ्याने भोसकलं. त्यांचं मराठी चरित्र आप्पा एकतीस वर्षं लिहीत होते.

आप्पा, म्हणजे निशिकांत रिसबूड, पुण्यात जपानी शिकले आणि एका जपानी जहाज कंपनीचे दुभाषे म्हणून सिंगापूरला आले. दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे करण्यात जन्म गेला, आता एक तरी गोष्ट आपल्या वाक्यांत सांगावी म्हणून त्यांनी हारांना धरलं. हारांनीही त्यांना सोडलं नाही. बावन्न प्रकरणं झाली. बावन्नाव्याच्या शेवटी हारा क्योतोची गाडी पकडायला घरातून निघाले. त्रेपन्नाव्यात ते स्टेशनवर पोचून मरायचे होते, म्हणजे पुस्तक संपलं. पण ते निघाले ते निघालेच.

"आजोबा, युअर हारा स्टक इन जॅम लाह," नात अदिती दरवर्षी आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची. "कॉजवेपेक्षा वर्स." कॉजवे म्हणजे खिडकीतून दिसणारा, मलेशियाला जाणारा कायम तुंबलेला पूल.

या रविवारी मात्र चारुदत्तने ठरवलं होतं की आज माणूस मारायचाच.

चारुदत्त आप्पांचा थोरला मुलगा, अदितीचा बाबा. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, तांजोंग पगारच्या खासगी कॉन्डोत अठराव्या मजल्यावर राहणारा, आणि आईवडिलांच्या बाबतीत मनापासून हळवा. बारा वर्षांपूर्वी तो कॉन्डो घेतला तेव्हाच त्याने आप्पांना म्हटलं होतं की आता तुम्ही दोघं आमच्याजवळ या. आप्पांनी शब्द दिला होता: "पुस्तक संपलं की येतो." तेव्हा एकच प्रकरण राहिलं होतं. चारुदत्तला वाटलं, सहा महिने.

आता आप्पा एकोणऐंशीचे होते आणि गेल्या महिन्यात इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, पाय घसरून पडले होते. गुडघ्यावर निभावलं. पण तो फोन आल्यापासून चारुदत्तला झोप नव्हती. त्यात बरोबर त्याच्या दोन मजले खाली, सोळाव्यावर, छोटा फ्लॅट रिकामा झाला. मालकाने आज पाच वाजेपर्यंत हो की नाही ते कळवायला सांगितलं होतं.

वडे निम्मे संपल्यावर त्याने विषय काढला.

"आप्पा, वुडलँड्स म्हणजे सिंगापूरचं उत्तरेचं टोक. रात्रीबेरात्री काही झालं तर मला इथे यायला पाऊण तास."

आप्पांचा चेहरा उजळला. चारुदत्तने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. 'उत्तर' हा शब्द वापरायचा नसतो, हे तो विसरला होता.

"हारासुद्धा उत्तरेचेच," आप्पांनी खिरीची वाटी बाजूला सरकवली. "मोरिओका. तिकडच्या लोकांना दक्षिणेतले शहाणे हिणवायचे, की शिराकावाच्या उत्तरेला अख्खा डोंगर शंभर कवड्यांत मिळतो. तर या गृहस्थाने टोपणनावच घेतलं, 'इचिझान'. एक डोंगर."

"आप्पा, मी हिणवत नाहीये. सोळाव्या मजल्यावर फ्लॅट आहे. खाली तलाव आहे, लिफ्टपर्यंत एक पायरी नाही, चोवीस तास वॉचमन..."

"सरदारकी," आप्पा म्हणाले.

"काय?"

"हारांना किती वेळा सरदारकी देऊ केली. प्रत्येक वेळी नाही म्हणाले. कारण काय, तर सरदार झालं की कनिष्ठ सभागृह सोडून वरच्या सभागृहात जावं लागतं."

"वा," अदिती म्हणाली. ती युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती आणि गेले तीन महिने आजोबांची हस्तलिखित पानं कॉम्प्युटरवर उतरवून देत होती. "एचडीबी इज लोअर हाउस, कॉन्डो इज हाउस ऑफ पीअर्स. मेक सेन्स वॉट."

"तू गप्प बस," चारुदत्त म्हणाला. "आप्पा, तुमचा शब्द होता. पुस्तक संपलं की येतो. एक प्रकरण राहिलंय. आज बसू. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. माणूस स्टेशनवर येतो, पोरगा धावत येतो, सुरा मारतो. झालं. ट्रेनच्या दोन स्टेशनांमधल्या वेळात होईल."

आप्पा एकदम थकल्यासारखे दिसले आणि पानातल्या चटणीकडे बघत राहिले. शैलाने त्यांना न विचारता आणखी एक वडा वाढला. आप्पा वादात गप्प बसलेले चारुदत्तने आजवर पाहिलेच नव्हते. त्याला जिंकल्याचा आनंद होईना.

स्वयंपाकघरात प्रणिता भांडी विसळत होती आणि तिची नणंद गार्गी पुसत होती. प्रणिता या घरची एकुलती सून. तिच्या लग्नात आप्पांनी व्याह्यांचं स्वागत करायला माइक घेतला आणि वीस मिनिटं हारांच्या पक्षाच्या रेल्वे धोरणावर बोलले होते. तिचे वडील अजून विचारतात, ते जपानी पाहुणे कोण होते म्हणून.

"वहिनी, खरं सांग," गार्गी हळूच म्हणाली. "तुला ते दोन मजले खाली हवेत का?"

"अगं, हवेतच," प्रणिताने नळ मोठा केला. "चारूला किती काळजी वाटते त्यांची."

"मी चारूचं नाही विचारत."

प्रणिताने नळ आणखी मोठा केला. सासूबाईंशी तिचं भांडण नव्हतं. उलट इतकं छान होतं की ते तसंच टिकायचं तर मधे एमआरटीची दीड डझन स्टेशनं असलेली बरी, असं तिचं प्रामाणिक मत होतं. दोन मजल्यांत आमटीची वाटीसुद्धा थंड होत नाही. सासूबाई लिफ्टने वर येणार, ओट्याकडे एकदा बघणार आणि काही म्हणणार नाहीत. ते काही न म्हणणंच प्रणिताला झेपणार नव्हतं.

"तुला तरी कुठे ते जायला हवेत?" तिने उलट विचारलं. "यिशुनहून वीस मिनिटांत इथे येतेस. मंगळवारी, गुरुवारी डबा घेऊन जातेस."

"मी आईला भेटायला येते."

"रिकाम्या डब्यासकट."

दोघी हसल्या. या बारा वर्षांच्या वादात पहिल्यांदाच नणंद-भावजय एका पक्षात आल्या होत्या आणि त्या पक्षाचं अधिवेशन सिंकपाशी भरलं होतं. ठराव एवढाच झाला, की तोंडाने चारुदत्तला हो म्हणायचं आणि हारांना काही स्टेशनवर पोचू द्यायचं नाही.

तेवढ्यात बाहेरून अदितीचा आवाज आला. "आजी, व्हाय गॉट एट लास्ट चॅप्टर्स? आठ?"

ती बेडरूमच्या दारात उभी होती. हातात एक जुनी फाइल. आजोबांची पानं स्कॅन करायला आजीच्या शिलाई मशीनचा खण उघडला होता, त्यात खाली ही होती. आत आठ जुडगी, प्रत्येकाला टाचणी. प्रत्येकावर आप्पांच्या अक्षरात 'प्रकरण त्रेपन्न' आणि तारीख. पहिलं अकरा वर्षांपूर्वीचं, आठवं गेल्या पावसाळ्यातलं. आणि प्रत्येकाच्या शेवटी, शिसपेन्सिलीने, शैलाच्या वळणदार अक्षरात तोच शब्द: 'परत'.

शैला लग्नाआधी पुण्यात मराठीची शिक्षिका होती. इथे आल्यावर मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात तिने तीस वर्षं पोरांना मराठी शिकवली, अदितीलाही. आप्पांचं प्रत्येक प्रकरण आधी ती वाचायची आणि शेवटी पेन्सिलीने लिहायची, 'पास' किंवा 'परत'. पास झालं की स्वतः सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. बावन्न प्रकरणं अशीच पास झाली होती.

"म्हणजे तुम्ही लिहिलंय?" चारुदत्त वडिलांकडे वळला. "आठ वेळा?"

"लिहिलंय," आप्पा म्हणाले. "जमत नाहीये."

"नंबर थ्री इज सो गुड, आजोबा," अदिती म्हणाली. "मी रडले."

गार्गीने हात पदराला पुसले, तिच्याकडून तिसरं जुडगं घेतलं आणि उभ्यानेच मोठ्याने वाचायला लागली. हारा फाटकाकडे चालत येतात, कुणाशी तरी काही बोलत असतात, दिवे लागलेले असतात. एवढ्या मोठ्या माणसाभोवती त्या वेळी फारशी कुणी भिंत नसते, कारण त्यांना भिंत नकोच असते. आप्पांची वाक्यं साधी होती, आखूड होती. चारुदत्तने चष्मा काढून पुसला. माणूस आज मारायचाच म्हणून आलेल्या चारुदत्तला तो मेल्याचं फार वाईट वाटलं.

"आई," तो म्हणाला, "हे परत का केलंस?"

शैलाने जेवणाची पानं उचलायला सुरुवात केली होती. ती थांबली. तिला खोटं बोलता यायचं नाही असं मुळीच नव्हतं. अकरा वर्षं ती तेच करत आली होती. पण ते पेन्सिलीने, एका शब्दात. तोंडाने बोलायचं म्हणजे वाक्य लागतं, आणि वाक्य सुचेना.

"मला इथून जायचं नाही," ती म्हणाली.

तिने हातातली ताटं परत टेबलावर ठेवली.

"पुस्तक संपलं की जायचं, असं यांनी शब्द दिला. मला कुणी विचारलं? कॉरिडॉरमध्ये माझी तुळस आहे, कढीलिंब आहे. शेजारी रोहानी आहे. सकाळी तिने दार उघडलं की मी उघडते, दहा मिनिटं बोलतो, ती मलायमध्ये आणि मी मिळेल त्या भाषेत. मार्केटातला मासेवाला मी मासे घेत नाही तरी मला हात करतो. तुझ्या कॉन्डोत, चारू, मी चार दिवस राहिले होते. कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू दिसलं नाही. एक बाई दिसली, ती कुत्र्याशी बोलत होती." तिने खिरीचं पातेलं झाकलं. "तुला नाही म्हटलं असतं तर तुझं तोंड उतरलं असतं. ते मला बघवत नाही. म्हणून म्हटलं, हारा राहू देत अजून थोडे दिवस."

"अकरा वर्षं?" चारुदत्त म्हणाला.

"तुझ्यावर माझा जीव आहे."

प्रणिता आणि गार्गीने एकमेकींकडे पाहिलं. सिंकपाशी स्थापन झालेल्या पक्षाला आपला खरा पुढारी सापडला होता, पण या क्षणी टाळ्या वाजवण्यासारखं वातावरण नव्हतं. कारण आप्पा उठून खिडकीपाशी गेले होते. खाली कॉजवेवर जोहोरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती.

"मला वाटलं, माझं डोकं गेलं," आप्पा खिडकीकडे बघतच म्हणाले. "बावन्न प्रकरणं एका दमात पास करणारी बाई त्रेपन्नाव्याला आठदा नापास करते, म्हणजे दोष माझाच. सहाव्या वेळेनंतर मी पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन आलो. तुला न सांगता. त्या डॉक्टरबाईंनी स्मरणशक्ती तपासायला मला कागदावर घड्याळ काढायला लावलं. अकरा वाजून दहा मिनिटं. मी काढलं. त्या म्हणाल्या, सगळं ठीक आहे. मला वाटलं, घड्याळ येतंय पण लिहिणं गेलं. दोन वर्षं मी तसाच जगतोय."

शैलाचा हात पातेल्याच्या झाकणावरच राहिला. घर वाचवताना आपण काय मोडत होतो, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं आणि तिला स्वतःची फार लाज वाटली. या माणसाने तिच्या अक्षराशिवाय कुणाच्या शिक्क्याची कधी पर्वा केली नव्हती.

तिने गार्गीच्या हातून तिसरं जुडगं घेतलं. टेबलाच्या खणातून खोडरबर काढला, 'परत' खोडलं, पानावरची भुकटी फुंकली आणि लिहिलं, 'पास'. खाली आजची तारीख घातली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "फार चुकलं. पुस्तक झालं. चारू, त्या माणसाला हो म्हणून कळव."

पाच वाजायला सतरा मिनिटं होती. चारुदत्तने फोन हातात घेतला. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आलं होतं आणि त्याला फोन कुठून उघडायचा तेच आठवेना. प्रणिताला मनातल्या मनात लिफ्ट सोळाव्या मजल्यावरून निघालेली दिसली.

"थांब," आप्पा म्हणाले.

ते खिडकीपासून परत आले, चष्मा लावला आणि जुडगी एकेक करून चाळायला लागले. "हे चौथं. याच्यावर 'परत'च्या खाली आणखी एक ओळ आहे. 'बाईंचं काय झालं?' पाचव्यावरही तेच. सातव्यावर दोनदा अधोरेखित. शैला, हे निमित्त होतं की खरं?"

शैलाने पदराने डोळे टिपले. "पहिल्या तीन वेळा निमित्तच होतं. पण परत परत वाचताना माझ्या लक्षात आलं, ते खरंच आहे. माणूस फाटकापाशी पडतो आणि पुढच्या परिच्छेदात तुम्ही नव्या मंत्रिमंडळावर जाता. मधल्या मधे त्याला उचलून कुणी नेलं? मोरिओकाचा डोंगर आला, रेल्वे आली, सरदारकी चार वेळा आली. त्याची बायको कुठे आहे?"

"आहे," आप्पा जरा दुखावून म्हणाले. "तळटीप क्रमांक चौदा."

"तळटीपेत."

आप्पांनी पान उलटलं. तळटीप बारीक अक्षरात होती. ती त्यांनी वाचली, आधी मनात आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी. हारा गेल्याचं कळल्यावर मंडळी त्यांना पंतप्रधानांच्या सरकारी निवासस्थानी न्यायला निघाली. पत्नी आसा यांनी नको म्हटलं. जिवंत होते तोवर ते देशाचे होते, आता ते माझे आहेत, मी त्यांना आपल्या घरी नेते, अशा अर्थाचं त्या बोलल्या असं सांगतात. मग त्यांना त्यांच्या स्वतःच्या साध्याशा घरी नेलं.

वाचून झाल्यावर आप्पांनी चष्मा काढला. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. एकतीस वर्षांत तिने बावन्न प्रकरणं सुवाच्य अक्षरात उतरवली होती, दर नोव्हेंबरात एका परक्या माणसासाठी वडे तळले होते. ज्या घरात हे सगळं झालं ते सोडायचं की नाही, हे त्यांनी तिला न विचारता दोन शब्दांत ठरवून टाकलं होतं. मघाशी आलेला राग त्यांनी शोधून पाहिला, तर तो जागेवर नव्हता.

"चारू," ते म्हणाले, "मी शब्द काय दिला होता?"

"पुस्तक संपलं की येतो."

"बरोबर. आज पहिला खंड संपला."

"पहिला?" चारुदत्तने फोन खाली ठेवला.

"दुसरा खंड आसाबाईंचा. तळटीप चौदापासून सुरू." आप्पांनी खुर्ची ओढली आणि बसले. आता ते अजिबात थकलेले दिसत नव्हते. "रिसबूड दिलेला शब्द मोडत नाही. पुस्तक संपलं की आम्ही येऊ."

"स्टेडी लाह, आजोबा," अदिती म्हणाली.

चारुदत्तने आईकडे पाहिलं. तिच्या तोंडावर जे होतं ते त्याने तांजोंग पगारच्या त्या चार दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं. पाचाला पाच कमी असताना तो कॉरिडॉरमध्ये तुळशीपाशी जाऊन फोनवर बोलून आला. आल्यावर म्हणाला, "नाही म्हणून कळवलं. पण बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा. उद्याच. त्यावर मी कुणाचं ऐकणार नाही, हारांचंसुद्धा."

"दांडा पास," शैला म्हणाली.

प्रणिताने दुसऱ्यांदा खीर घेतली. गार्गीने आपला रिकामा डबा पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला. आज लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आप्पांनी कोरा कागद ओढून घेतला, वर 'खंड दुसरा' लिहिलं आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

"अडचण एवढीच आहे," ते म्हणाले, "की आसाबाईंबद्दल माहिती फार थोडी मिळते."

"म्हणजे किती वर्षं लागतील?" चारुदत्तने विचारलं.

"ते मला काय विचारतोस," आप्पा म्हणाले. "आईला विचार. पास ती करते."